मेन स्विच

पाणी गेलंय. 'पोर्फियादा' चिखलात कुशीवर कलंडलीय.
पोर्फियादा म्हणजे हेकट. नाव बाबांनीच ठेवलं.
भरतीपर्यंतचा वेळ माझा,
आणि दालकाउएची भरती कुणासाठी थांबत नाही.

बाबा उलट्या बादलीवर, हातात मातेचा पेला.
"एका बोटाने अख्खी बोट विझवायची?
मग ती बोट कसली, न्हाणीघर झालं."

बॅटरीचं झाकण काढते.
धन टोकाला आठ तारा, गोचिडांसारख्या चिकटलेल्या:
रेडिओ, खोली मोजायचं यंत्र, जीपीएस, डोलकाठीवरचा दिवा,
कॅसेट प्लेयर (तो केव्हाच समुद्रात गेला, तार मागे राहिली),
आणि दोन अशा, ज्यांची नावं बाबांनाही आठवत नाहीत.
"राहू दे. कशाला तरी लागत असतील."

त्या 'कशाला तरी'ने मे महिन्यात
रात्रभर गुपचूप वीज प्यायली.
सकाळी इंजिन नुसतं टक् म्हणालं,
आणि बहात्तराव्या वर्षी बाबांनी
समोरच्या बेटापासून वल्ही मारली,
बटाट्याच्या नऊ पोत्यांसकट.
ते सांगत नाहीत. मासळीच्या गाड्यावरच्या एदुविनाने सांगितलं.

आधी ऋण टोक सोडवते. मग धन.
बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज,
पुढे स्विच, लाल, कास्त्रोहून आणलेला,
त्याच्यापुढे पितळी पट्टी,
आणि पट्टीवर एकेक तार, कान पकडून ओळीत.
सोलायची, दाबायची, ओढून बघायची.
ओढल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे बाबांचं:
गाठ असो, दात असो, जावई असो.
(जावई निसटला.)

बेवारस तिघी कापून टाकते.
बाबा त्या उचलून खिशात घालतात.

पाणी आता पिवळ्या पिंपापाशी.
आठवी तार हातात उरलीय, तळाच्या पंपाची.
पट्टीवर टेकवते तोच
बाबा उठतात, दोन्ही गुडघे वाजतात.
"ती नाही. ती थेट."
"बंद म्हणजे सगळं बंद, बाबा."
"पाणी आत शिरताना तुझा स्विच बघतं का?"

मुकाट्याने तिला वेगळा फ्यूज देते. थेट बॅटरीवर.

स्विच फिरवते. रेडिओ खरखरतो.
खोलीच्या पडद्यावर नुसती रेघ, रेघ,
मग शून्य पूर्णांक चार.
हेकट बया चिखलातून कंबर सोडवतेय.
"दे इकडे," बाबा म्हणतात,
आणि एक बोट पुढे करतात,
विंचने अर्धं खाल्लेलं, मधलं.
स्विच हलत नाही. मूठ लागते.
"बघ," म्हणतात, जिंकल्यासारखे.

रात्री पाणी घराच्या खांबांना लागलं.
खिडकीखाली ती काळीशार, एकही दिवा नाही.
डोळा लागता लागता ऐकू येतं:
पंपाची उबळ, दोन-तीन गुळण्या, पुन्हा गप्प.
पलीकडच्या खोलीत खाट करकरते.
बाबाही मोजतायत.