नववं पाणी

टॉवेलच्या कारखान्यात माझं काम चुका शोधायचं.
काचेच्या टेबलाखाली दोन ट्यूबलाइट,
वरून कापड सरकत जातं.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ,
खडूची खूण केली की माल बाजूला.
एकवीस वर्षं झाली. नजर बसलीय.

आता रात्री मोरीत
तीच नजर स्वतःला लावतो.
काख, जांघ, जिभेची खालची बाजू.
पुळी सापडते.
मे महिन्यात सोलापुरात
घामोळं नसलेला माणूस दाखवा मला.
कळतं.
तरी खडूची खूण होतेच.

घडलं तरी काय होतं?
अक्कलकोट रोडला, पाळी सुटल्यावर,
बंद डाय-हाऊसच्या मागच्या खोलीत
हेमिंगची राजेश्वरी आणि मी.
बायको जाऊन सहा वर्षं झालेला मी,
आणि तिचं तिचं काहीतरी, जे मी विचारलं नाही.
हात. गळा. तोंडाला तोंड.
तिच्या ओठाला बारीक चीर होती,
शेंगाचटणी झोंबली दुपारी, म्हणाली, आणि हसली.
कपडे अंगावरच होते.
एवढंच.

ती चीर रात्री तीन वाजता उघडते
आणि मी आत पडतो.

मोबाइलनं सांगितलं, पंचेचाळीस दिवस थांबा.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी.
म्हणजे नऊ पाणी.
पहिल्या पाण्याला घसा दुखला.
दुसऱ्याला दुखायचा थांबला, त्याची जास्त भीती वाटली.
तिसऱ्याला दाढीचं ब्लेड कागदात गुंडाळून
वर, पत्र्याच्या खाचेत ठेवलं.
चौथ्याला पुतण्यानं माझ्या ताटातली भाकरी उचलली,
मी ताट ओढलं.
पोरगं बघतच राहिलं.
"का बे काका, कडक भाकरी तर आहे."

त्या रात्री अंबादासमामा आठवला.
विड्यांच्या कारखान्यामागं राहायचा, ट्रकवर जायचा.
आधी त्याचं ताट वेगळं झालं, मग खाट,
मग आम्हा पोरांची वाटच वेगळी झाली.
तो खोकला की आई खिडकी लावायची.
मेला तेव्हा चौथा खांदा मिळेना.
मी नऊ वर्षांचा. दारामागं उभा.
मला रोग आठवतच नाही.
खिडकी लागल्याचा आवाज आठवतो.

सिव्हिलमध्ये येमूल मॅडम.
त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली, मुलाचा निकाल, शाईचा शिक्का.
सगळं सांगितलं,
लाजेचं तेवढं तेलुगूत.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"अशानं होत नाही हो. हातानं नाही, ताटानं तर नाहीच नाही."
"आणि ती चीर?"
"जवळजवळ नाहीच."
बाकी सगळं तिथंच राहिलं.
'जवळजवळ' तेवढं घरी घेऊन आलो.

नवव्या पाण्याला रक्त दिलं.
नाव नाही, नंबर.
बाकावर शेजारी कोण बसलंय बघितलं नाही,
त्यानंही नाही.
कागदावर लिहिलं होतं, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.
मी तो उजेडाला धरला, कापड धरतो तसा,
उलटा करून पाहिला.
"त्यात काही नाही," मॅडम म्हणाल्या,
"घरी जा. झोपा."

झोप आली नाही.
पंचेचाळीस दिवसांत पहिल्यांदा फोन केला तिला.
"बोल," म्हणाली. मग थोडं थांबून,
"मीपण जाऊन आले होते. सातव्या पाण्याला.
माझं काही नाही.
तुझा फोन नाही, तर म्हटलं
तुझंच काहीतरी असेल, म्हणून तोंड लपवतोयस.
रोज तुझ्या टेबलाकडं लांबून बघायचे.
वाळलायस."

मला वाटायचं, पाणी मी एकटाच मोजतोय.
ताट ओढावं तसा फोन ठेवून द्यावासा वाटला.
ठेवला नाही.

"थांब हं," ती म्हणाली, "नळ आलाय."
फोन कुठंतरी ओट्यावर ठेवला.
मी ऐकत राहिलो:
आधी नुसती हवा,
मग खोकत खोकत लाल पाणी असणार,
ते ती सोडून देत असणार,
मग घागर.
एक भरली.
दुसरी लावली.