रेखांश आधी

घरफाळा विभागातून मला तीन दिवस
वरच्या मजल्यावर पाठवलं, नकाशा शिकायला.
शिकलगार मॅडम म्हणाल्या, इथं तीनच गोष्टी:
बिंदू, रेषा, आणि तोंड बंद केलेला आकार.
विहीर बिंदू. पंचगंगा रेषा.
मी विचारलं, पुरातली पंचगंगा?
त्या थांबल्या. मग म्हणाल्या,
तेव्हा ती आकार होते.

पहिला बिंदू मी हिंदुराव निगवेकरांना दिला,
बापट कॅम्पातला गणपतींचा कारखाना.
थकबाकीची नोटीस मीच दोनदा चिकटवलेली त्या दारावर.
सोळा पूर्णांक सत्तर, चौऱ्याहत्तर पूर्णांक चोवीस,
शाळेत घोकलं त्याच क्रमानं टाइप केलं, आणि घर
पृथ्वीच्या माथ्याजवळ, बर्फाळ समुद्रात जाऊन पडलं.
"बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो,
यंत्र रेखांश आधी मागतं."
खोली हसली. मीही.
पण डबा उघडला तरी डोळ्यांपुढून हलेना
ते काळं पाणी, अन् त्यात
न रंगवलेल्या मूर्ती, कमरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी थर.
आई ब्लाउजची मापं बटर पेपरवर उतरवायची;
चार बायकांचे खांदे एकावर एक ठेवून
खिडकीशी धरले की कुठं जुळतात ते दिसायचं.
तसंच हे. खाली गल्ल्या, त्यावर घरं,
त्यावर उंचीच्या रेषा,
सगळ्यात वर मॅडमनी निळी पूररेषा टाकली.
निगवेकर बाहेर राहिले.
बोटभर.

फोन लावला.
"भाईर?" म्हातारा खोकत हसला.
"तुमच्या रेषेला म्हणावं, माझ्या भिंतीवर ये.
खुणा हायत कोळशाच्या.
बंधाऱ्याला एक्केचाळीस फूट झालं
की माझा उंबरा भिजतोय. भोंगा मागनं."

तिसऱ्या दिवशी कळलं,
ठिपका नुसता ठिपका नसतो,
त्याच्या पाठीशी तक्त्याची एक ओळ असते.
मालक. क्षेत्रफळ. थकबाकी.
मी एक रकाना वाढवला: किती फुटांना ओल.
मग आणखी एक: मूर्ती.
निगवेकर, एक्केचाळीस, चारशे बारा.
गल्लीभर फोन केले, संध्याकाळ झाली.

मॅडमनी प्रश्न टाकला:
बेचाळीसच्या आत, मूर्ती शंभरावर.
सतरा घरं पिवळी झाली.
कुणीच काही बोललं नाही.
"ट्रक आधी इथं," त्या म्हणाल्या, अन् छापायला दिलं.

थकबाकीचा रकाना आहे तिथंच आहे.
पुसायचा अधिकार माझ्या लॉगिनला नाही.
झाकून ठेवता येतो,
तेवढा झाकते.