बुड पुढं

मोतीबागच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मी एक्सल मोजले,
केसाच्या दहाव्या हिश्शापर्यंत.
म्हणून पहिल्या रात्री व्हर्निअर घेऊनच गेलो
सदरच्या त्या एटीएमसमोर,
जिथं झनकलाल परतेकी रात्रपाळी करायचा
आणि प्लास्टिकच्या खुर्चीमागं भिंतीला टेकवून ठेवायचा
बांबूच्या बारा काड्या.
कोणी विचारलंच तर, "झाडूचे दांडे हायेत साहेब."

त्यानं व्हर्निअर हातात घेतलं, उघडलं, मिटलं,
अदबीनं परत केलं.
मग एक काडी गुडघ्याला लावून अंगठ्यानं दाबली.
"हे लई लवते जी. तुमचा कामठा हिले मोडून टाकन."
दुसरी दाबली. "हे हट्टी."
तिसरीला काहीच बोलला नाही.
ती बाजूला ठेवली.

चहाची टपरी एकला बंद व्हायची,
निखारे तेवढे आमच्यासाठी शेगडीत राहायचे.
परतेकी काडी फिरवायचा त्यांच्यावर, गाठीशी थांबायचा,
सालीला घाम फुटेस्तोवर,
मग फडक्यात धरून उलट्या अंगाला वाकवायचा
आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही.
मधेच कोणी पैसे काढायला आलं
तर तसाच उठून दार उघडायचा,
एका हातात तापलेला बांबू.
लोक नोटा दोनदा मोजायचे.

बांबू देवलापारचा, अंधाऱ्या पाखात तोडलेला.
चांदण्यात तोडला तर गोड राहतो,
घुणा लागतो.
पिसं भांडेवाडीची,
कचऱ्याच्या डोंगरावर घारी घिरट्या घालतात तिथं
नाकाला रुमाल बांधून मी वेचली;
त्यातली अर्धी त्यानं टाकली.
तिन्ही पिसं एकाच पंखाची लागतात,
डावं-उजवं मिसळलं की तीर स्वतःशीच भांडतो.
बांधायला संक्रांतीनंतर झाडांवर लोंबणारी सद्दी,
चिकटवायला धावड्याचा डिंक.
फेव्हिकॉलचं नाव मी एकदाच काढलं.

खाच मी जाड टोकाला पाडली.
दोरीचा मार तिथंच बसतो,
तिथं जाड असावं. हिशेब सरळ होता.
परतेकी हसला नाही.
"हे उगवलं कोणीकडून?"
मी बुडाकडं बोट केलं.
"मग तिकडूनच जाईन ना बाप्पा.
बुड पुढं. शेंडा मागं, शेंड्याले पिसं.
झाड वर गेलं होतं,
तीर घरी चालला."

कामठी रोडच्या मागं, पिवळ्या नदीच्या काठाला
कुटाराचं पोतं टांगून मी मारायला लागलो.
पहिले चाळीस तीर पोत्याला ओळखतही नव्हते.
मनगटावर दोरीचे वळ,
बायको म्हणाली, "काहून जी, कोणी मारलं?"

नवतपात बँकेनं कॅमेरे लावले.
कॅमेऱ्याला खुर्ची लागत नाही.
परतेकी देवलापारला गेला, जाताना काही बोलला नाही,
टपरीवर माझ्या नावानं मोळी ठेवून गेला:
तेरा काड्या, न तासलेल्या,
प्रत्येकीच्या बुडाला चुन्याचा ठिपका.
त्याला माहीत होतं, मी विसरणार.

मी त्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या.
सेहेचाळीस डिग्रीत त्या रात्री-बेरात्री तडकायच्या,
आणि मी उठून बसायचो.

काल एक तीर पोत्यावरून गेला,
रानतुळशीच्या झाळीत शिरला.
शोधून थकलो तेव्हा शेळ्यांमागची एक पोरगी तो घेऊन आली,
नऊ-दहा वर्षांची, पायात दोन वेगळ्या चपला.
"जमिनीत उभा होता," म्हणाली,
"लावला होता का तुम्ही?"
तिनं तो उलटासुलटा करून पाहिला,
पिसांवर बोट फिरवलं,
टोकाची माती फ्रॉकला पुसली.
"हे कोणीकडून उगवन?"

मला उत्तर पाठ होतं.
पण ओली माती लागलेली होती बुडाला, चांगली बोटभर,
आणि पिसं वर.
मी तीर घेतला नाही.
म्हटलं, होता तिथं दाखव आधी.