चारी क्रमांक सात

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या जानेवारीत मी ब्रश पेन घेतला,
एकशे ऐंशी रुपयांचा,
एरंडोलच्या बसस्टँडमागे, निकहतच्या दुकानातून.
तिथं वह्यांच्या थप्पीशेजारी
मेंदीचे कोन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात.

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो.
शून्य पॉइंट तीनचा पेन, शून्य पॉइंट दोनचा पेन,
टी-स्क्वेअर, ट्रेसिंगचं कापड, अर्धं ब्लेड.
चुकलं तर खरवडायचं, नखानं घोटायचं,
साहेबाच्या बापाला कळायचं नाही.
श्वास रोखून रेघ,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाडी.
बायको म्हणायची, स्वभाव पण तसाच.

या पेनला टोक आहे, पण केसांचं.
टेकवला की मान टाकतो.
पहिल्या दिवशी उमटली ती रेघ नव्हती,
बोंडातून काढलेली अळी होती,
गुबगुबीत, मध्येच अंग आखडलेली.

निकहत हसली नाही.
चाचा, म्हणाली, असा धरलाय
जसा कुणी हिसकावून नेणार आहे.
मनगट सोडा. खांद्यातून या.
नवरीचा हात थरथरतो ना,
तेव्हा मी तिच्या श्वासाबरोबर कोन दाबते.

घरी आलो. जुन्या वर्तमानपत्रांवर
दाब, सोड, दाब, सोड.
फेब्रुवारीभर भरताची वांगी काढली.
पुंजूभाऊ कुंपणावरून वाकून बघायचा,
हाई काय शे?
वांगं.
माले ते उंदीर दिखस.
खरंच, देठाचं शेपूट झालं होतं.
मग दोन ठिपके देऊन उंदीरच करून टाकला,
ब्लेड शोधलं नाही.
ही माझी पहिली प्रगती.

मे महिन्यात टोपण काढून
चहाचा एक घोट घ्यावा, तेवढ्यात टोक कडक.
जळगावहून रिफिल येणार होतं, आलं नव्हतं.
दुपारी पत्रे तडतडत होते,
काय काढायचं हे ठरवलंही नव्हतं,
हात आपोआप निघाला.
गेटपाशी दाबून, काळाभोर, भरलेला,
मग पुलाची मोरी, मग बाभळींचं वळण,
तिथून बारीक,
मग केस सुटे झाले,
मधून पांढरा कागद दिसायला लागला,
आणि शेवटच्या दोन बोटांत
नुसता खरखर आवाज.

मी ओळखली तिला. चारी क्रमांक सात.

टेलच्या गावाहून एक जण आला होता ऑफिसात,
झिपरू नावाचा, चौऱ्याण्णव साली,
नकाशाची नकल घेऊन.
माझ्या टेबलावर ती पसरली, रेघेवर बोट ठेवलं,
आठे ते पाणी शे, साहेब.
बोट गावापर्यंत नेलं,
मग उचलून बोटाचं टोक पाहिलं,
ओलं झालं का, असं.

आणि मला तेव्हा एवढंच दिसलं
की शाई लागली नाही त्याला,
पक्की वाळली होती,
आणि एवढ्या लांब रेघेत
सांधा कुठं शोधून सापडत नव्हता.
चहा सांगितला मी त्याला.
पुढच्या फायली होत्या.

संध्याकाळी कागद घेऊन दुकानात गेलो.
निकहतनं काउंटरच्या काचेवर ठेवला,
पंख्यानं उडू नये म्हणून वर पंचिंग मशीन.
पेन संपलाय तुमचा, म्हणाली,
पण चाचा, हे सुकं असं यायला
मला दोन वर्षं लागली होती. काय आहे हे?
चारी.
कुठली?
सात.
तिनं कागद डोळ्यांजवळ धरला,
शेवटच्या भागावरून अंगठा फिरवला, हलकेच,
आणि अंगठ्याकडे पाहिलं.

रिफिल आलं होतं. नव्वद रुपये.
शर्टाच्या खिशात आहे, अजून बसवलं नाही.
या पेनात अजून थोडा जीव आहे,
आधी आठ आणि नऊ काढून घेतो.