दीड मिलिमीटर

चौथ्यांदा आला हा लॅपटॉप माझ्या टेबलावर.
झाकणावरचा ड्रॅगन अर्धा घासलेला,
खाली माझीच तीन स्टिकरं, एकावर एक:
फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.

शलाका गेडाम म्हणाली,
"भाऊ, पुन्हा तेच होऊन राह्यलं."
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेच म्हणजे
आधी जांभळे चौकोन, चिमूटभर, कोपऱ्यात,
मग उभ्या हिरव्या रेघा,
मग एखाद्या सैनिकाचा गाल ताणत ताणत
पार आभाळाला चिकटलेला.

माझ्या दुकानात, बर्डीच्या तळघरात, एसीखाली
तो पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा वागतो.
ड्रायव्हर पुसले, नवे टाकले,
नवे पुसून जुने टाकले.
रात्रभर टेस्ट लावली: एक चूक नाही.
दुसरा पडदा जोडला: स्वच्छ.
केबल हलवली, वाकवली, फुंकर मारली.
फुंकरीला काही शास्त्र नाही,
पण तोंड थांबत नाही.

फेब्रुवारीत पंखे बदलले होते.
एप्रिलात चिप शेकली, अठराशे रुपये.
मार्चात थर्मल पॅड.
मार्चचं मी भरभर म्हणतो.

शेवटी मीच गेलो मानेवाड्याला,
मे महिन्यात, दुपारी दोनला,
कुत्रीसुद्धा नालीत पोट टेकून पडलेली.
डोक्याला दुपट्टा,
खिशात आईनं कोंबलेला कांदा.

वरची खोली, वर पत्रा.
कूलर नुसताच वारा फेकत होता,
नळ संध्याकाळी येतो म्हणे.
तिनं खेळ लावला.
खेळात बर्फ पडत होता.
शेहेचाळीस अंशांत आम्ही दोघं
पांढऱ्या डोंगरातून चाललो, तोंडातून वाफ काढत,
अकरा मिनिटं.
मग बर्फ जांभळा झाला.

मशीन आडवी धरली, चालू असतानाच
खालचं झाकण उघडलं
आणि तांब्याच्या पट्टीवर अंगठा दाबला.
रेघा गेल्या.
उचलला, आल्या.
दाबला, गेल्या.
अंगठा भाजत होता तरी दाबूनच राहिलो,
कारण उचलला की बोलावं लागणार होतं.

मार्चात एक मिलिमीटरचं पॅड संपलं होतं.
दीडचं होतं.
कोण जाते बाप्पा आता मार्केटात, म्हटलं,
कापलं, बसवलं, स्क्रू जरा जास्त आवळले.
चालते.
पट्टी एका बाजूनं उचलली गेली, केसभर,
आणि चिपच्या डोक्यावर
दोन महिन्यांचं ऊन साचत गेलं.
खालचे शिशाचे मणी
भेगाळले एकेक करून.
ते मणी एप्रिलात मीच शेकले,
मीच बिल फाडलं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.
जिना चढताना हे वाक्य जुळवलेलं नव्हतं.
ती पडद्याकडेच बघत होती.
"एप्रिलचे अठराशेपण?"
"पण."
"मले वाटलं, मीच जास्त खेळते म्हणून."

हे ऐकून मी पेचकस शोधायला लागलो,
तो माझ्या हातातच होता.

मग तिनं दाखवलं, काहीच न झाल्यासारखं:
रेघा डावीकडे येतात,
तिथं बांबूचं बेट आहे असं ती धरून चालते.
वळसा घालते.
"आत कोणी असलं तर दिसत नाही," म्हणाली,
"पण बांबूत तसंही कुठं दिसते?"

एकचं पॅड आणलं होतं सोबत, बसवलं.
भेगा काही त्यानं बुजत नाहीत.
चिप मागवावी लागेल, आठ दिवस, माझ्या पैशानं.
स्टिकर लावलं नाही.

गाडीची सीट तव्यासारखी.
कांदा खिशात शिजत आलेला.
अंगठ्यावर फोड, क्लचला लागत होता.
वरून पंख्यांचा आवाज येतच होता:
तिनं पुन्हा सुरू केला होता खेळ,
कडेकडेनं,
बेटाला वळसा घालत.