वीस मिनिटं

बाबा पिरारुकू कानांनी मोजतो.
वल्हं आडवं, घड्याळ मांडीवर, वीस मिनिटं.
तेवढ्यात जे हवेसाठी वर येतील
तेवढेच तळ्यात आहेत असं धरायचं.
लहान असला तर नुसतं 'गप्',
माणसाएवढा असला तर
अंधारात कुणी जड दार लोटल्यासारखं.
सोलिमोइंशच्या या काठावर चाळीस वर्षं
जाळं टाकून ताडलं तरी
त्याचा हिशेब दोन-चारांच्या पलीकडे चुकला नाही.

माझी मोजणी वेगळी.
तरंगत्या केंद्रात, काचेच्या टाकीत,
माझ्या वितीएवढा तांबाकी.
कल्ला उघडतो, मिटतो : एक.
अठ्ठावीस अंशांवर मिनिटाला साठ.
डॉक्टर ल्युसिमारा हीटरची कळ एकेक घर सरकवतात.
बत्तीसवर नव्वद.
पस्तीसवर आकडे तोंडात मावत नाहीत,
मी कागदावर नुसती टिंबं मारत सुटते.

त्या सांगतात, पाणी तापलं की हात आखडता घेतं,
प्राणवायू कमी देतं,
आणि नेमकी तेव्हाच अंगाची मागणी वाढते.
माशाला स्वतःचा असा गारवा नसतो,
पाणी जेवढं, तेवढाच तो.
रक्ताचीसुद्धा मूठ सैल पडते, धरलेलं निसटतं.
हृदय धावतं, आणखी धावतं,
मग कुठल्यातरी अंशावर ठोका चुकतो.
तो अंश वहीत लिहायचा.
याचे मला पैसे मिळतात.

मग खालचा ओठ सुजतो.
दोन-तीन तासांत पन्हळीसारखा पुढे येतो
आणि तांबाकी पाण्यावरची साय
त्या ओठाने ओढून घेतो.
उरलासुरला प्राणवायू तिथेच असतो, कागदाएवढ्या जाडीत.
ओठ काढलेला मासा हाताने उचलता येतो.
म्हणून तो मारू नये, असं बाबा म्हणतो.
आम्ही मारलाय. ज्या वर्षी धाकटा आजारी होता, त्या वर्षी.

यंदा सप्टेंबरात तळ्याचा मधला डोह तेवढा उरला.
दुपारी पाण्यात हात घातला
आणि चहात घातल्यासारखा काढून घेतला.
बाबा मोजून आला. वहीत एकशे बारा.
मागच्या वर्षी एकसष्ट.
संस्थेचा एडिवाल्दो टाळ्या पिटायचाच बाकी होता,
कोटा वाढणार, बर्फाचं यंत्र येणार!
बाबाने आकड्यावर बोट ठेवलं.
"हे मासे नाहीत. ही धाप आहे.
एकच जण दोन-दोनदा येतोय."
त्याने एकशे बारावर रेघ मारली.
शेजारी काय लिहावं ते त्यालाही सुचेना.
छापील फॉर्ममध्ये धापेचा रकाना नाही.

आमचं तरंगतं घर आता चिखलावर टेकलंय, तिरकं.
रात्री ताटं आपोआप एका भिंतीकडे घसरतात.
बाबा झोळीत झोपतो, तोंड उघडं टाकून.
मी त्याचे श्वास मोजायला लागले होते,
एकोणिसावर स्वतःलाच दटावलं.

बाहेर जड दार लोटलं गेलं.
बऱ्याच वेळाने पुन्हा.
जागा तीच, आवाज तोच.
बाबाने तो एकच धरला असता.
मी अंधारात, वहीबाहेर,
दुसरा धरला.