पुंगळ्या

व्हर्लिन ऑस्टबीच्या तळघरात
कपडे धुवायच्या यंत्राशेजारी
टंबलर रात्रभर घरघरायचा.
आत अक्रोडाच्या टरफलांचा भुगा,
भुग्यात तीनशे पुंगळ्या.
सकाळी निघायच्या, जणू
आत्ताच टाकसाळीतून आल्यात.

दिव्याखाली तो चाळण हलवायचा.
धूळ उजेडात तरंगायची, सुंदर दिसायची.
लिनीया तिथंच फरशीवर बसून
एकेक पुंगळी ओठाला लावायची,
शीळ वाजवायची.

फेब्रुवारीत लिव्हिंगस्टनच्या डॉक्टरीणबाईंनी
नातीच्या रक्तातला आकडा वाचला.
शिसं.
फार नाही म्हणाल्या. पण मुळीच नको होतं.
मॅरेननं बापाकडं पाहिलं नाही,
फक्त पोरीचे मोजे पिशवीत भरले.

पितळ उघडं पडतं ते असं.

आता तो मागच्या शेडमध्ये धुतो,
दार सताड उघडं, हातात मोजे.
गरम पाणी, चिमूटभर लिंबूसत्त्व, साबणाचा थेंब.
घड्याळ समोर ठेवून:
एकदा व्हिनेगरमध्ये विसरला होता,
गुलाबी पडल्या, जस्तच निघून गेलं.
अमोनियाची पॉलिश शेजारच्या ड्वेनची;
बाहेरून आरसा, आतून तडा,
आणि तडा कळतो तो गोळी सुटताना.

प्रत्येकीत डोळा लावून बघतो,
पोलादी सुई अडकली नाही ना.
डाग राहतात.
राहू दे, म्हणतो.

कठड्यावर टॉवेल, टॉवेलवर उभ्या पुंगळ्या.
डोंगराकडून वारा सुटतो
आणि त्यांतली एखादी
हलकेच शीळ घालते.

तो कोपरापर्यंत हात धुतो.
परत धुतो.